वन्संचा अंगठा

माझ्या नणंदेचा मला राग येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी समजूत काढायला येणार नाही. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते. बाकीचे लोक त्यांना नुसतंच 'बाई' म्हणतात, तेही अशा थाटात की जणू जगात दुसरी बाईच जन्माला आली नाही. नाटक कंपनी त्यांची, मुख्य भूमिका त्यांची, ऑफिसच्या भिंतीवरचे फोटो त्यांचे. त्या फोटोंत रंगमंचाच्या कडेला जो काळोख दिसतो, त्यात मी बसलेली आहे. स्टुलावर, मांडीवर नाटकाची वही घेऊन.

मी प्रॉम्प्टर. नटाला वाक्य आठवेनासं झालं की ते विंगेतून हळूच पुरवायचं. आताच्या नाटकांत हा प्राणी उरलेला नाही, पण वन्संना माझ्याशिवाय जमत नाही. हे त्या मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. माझा नवरा नाटकं बसवायचा आणि लग्नानंतर त्यानंच मला त्या स्टुलावर बसवलं. तो म्हणायचा, वाक्य देणं कुणालाही जमेल, न देणं जमायला हवं. नट थांबलाय की अडकलाय, हे ओळखायचं. थांबलेल्याला वाक्य दिलं तर त्याचा खून होतो, अडकलेल्याला दिलं नाही तर त्याचा.

वन्संचं ओळखायची खूण मला पहिल्या वर्षातच सापडली. त्या खरंच विसरल्या की डाव्या पायाचा अंगठा वर उचलला जातो. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. प्रेक्षकाला वाटावं, बाई विचारात पडल्यात. पण अंगठा वर. आमच्या नाटकांत त्या अनवाणी असतात आणि माझं स्टूल बुटकं, त्यामुळं लोक त्यांचा चेहरा बघतात आणि मी पाय बघते. अंगठा उचलला की वाक्य द्यायचं, खाली असला की मिठाची गुळणी धरून बसायचं. ही खूण मी कुणाला सांगितलेली नाही. वन्संनाही नाही. त्यांना वाटतं मी मनातलं ओळखते.

आणि माझ्या कोपऱ्यातून जे येईल ते त्या बोलतात. विचार करत नाहीत, वजन करत नाहीत, कानातून आत आणि तोंडातून बाहेर. एकदा मला विंगेत शिंक आली आणि शिंकेपाठोपाठ मी "अगं बाई" म्हणाले. वन्सं त्या वेळी मुलाच्या लग्नाची बातमी ऐकत होत्या. त्याही "अगं बाई" म्हणाल्या आणि अख्खं थिएटर हसलं. तेव्हापासून ते 'अगं बाई' नाटकातच राहिलं. मुलाखतीत त्या सांगतात की ते त्यांना सुचलं.

आमचं बोलणं नवरा गेल्यापासून बंद आहे. तो गेला त्या दिवशीही वन्संनी प्रयोग केला. भावाला निरोप देऊन आल्या आणि तोंडाला रंग लावला. मीही गेले, नाहीतर वाक्यं कोण देणार होतं. प्रयोग पार पडला. नंतर त्या चारचौघांत म्हणाल्या, की आज विंगेतून वाक्यं उशिरा येत होती. बस. मी त्यांच्याशी बोलले नाही, त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. काही निरोप असला की त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, ने-आण करते. ती कंपनीचा सगळा कारभार बघते आणि आम्हा दोघींचा वैताग गिळते. म्हणजे हिशेब केला तर इतकी वर्षं आमच्यात फक्त नाटकातली वाक्यं बोलली गेली आहेत. मी बोलायची, त्यांनी तीच परत बोलायची.

आता मुद्द्याचं. सध्याच्या नाटकात तिसऱ्या अंकात मुलगा आईला विचारतो, "त्या रात्री मी दार वाजवत होतो. तू उघडलं का नाहीस?" आई काही बोलत नाही. हातातलं कापड घडी करत राहते. लोक श्वास धरून बसतात. मग ती म्हणते, "मला वाटलं, वारा असेल." तेवढ्या थांब्यासाठी लोक दुसऱ्यांदा तिकीट काढतात. वन्संनी तो थांबा तळहाताच्या फोडासारखा जपलाय, आणि तो मी खाल्ला.

कसं झालं ते सांगते. पाठीमागं लाइटवाला कुठलंसं पाकीट फाडत होता. प्लास्टिकचा कुरकुर आवाज. पूर्वी असले आवाज मला ऐकूच यायचे नाहीत. विंगेत बसलं की जग बाहेर राहायचं. हल्ली सगळं आत येतं. कुणाचा खोकला, पंख्याची पाती, समोरच्या रांगेतल्या बाईच्या पर्सचं बटण. मी त्या पाकिटावर चिडले, मान वळवली, पुन्हा पुढं बघितलं तर वन्सं गप्प उभ्या. अंगठा बघायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं, वारा असेल." आणि वन्संनी म्हणून टाकलं. मुलाचा प्रश्न अजून हवेत होता. काही टाळ्या पडल्या, पण भाजीत मीठ कमी पडल्यावर लोक जसं "छान आहे" म्हणतात तशा.

भाचीनं निरोप आणला. आई म्हणते, मामीच्या तोंडात हल्ली तीळ भिजत नाही, तिला डॉक्टरकडं ने. आणि तिथून येताना ते नटानं कानात घालायचं यंत्र बघून ये. मग वाक्यं भाचीनं प्रेक्षकांमागच्या, लाइट-साउंडच्या काचेच्या खोलीतून त्यांच्या कानात द्यायची आणि माझं स्टूल अडगळीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते स्टूल सोडून मला या जगात कुठं जागा आहे? घरी एक खुर्ची आहे, तिच्यासमोर एक भिंत आहे. मी निरोप परत पाठवला की येते, पण त्यांनीही डॉक्टरपुढं बसायचं. वन्सं हो म्हणाल्या. मला आपटलेलं बघायची संधी त्या कशाला सोडतील.

डॉक्टरीणबाई वयानं भाचीएवढ्या, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, मी टेबलावर एकदा टकटक केली की तुम्ही एकदा करायची, मी दोनदा केली की तुम्ही काहीच करायचं नाही. मला हसू आलं. आयुष्यभर मी हेच तर केलंय. त्यांनी एकदा केली, मी केली. एकदा, मी केली. दोनदा केली. माझं बोट टेबलावर वाजलेलं होतं. पुन्हा केली, पुन्हा वाजलं. मला कळत होतं की वाजवायचं नाही. कळणं आधी येत होतं, बोट त्याच्या मागून, पण थांबत नव्हतं. मधेच मी त्यांना म्हणाले, तुमच्या केसांना हा रंग बिलकूल शोभत नाही. हे मला म्हणायचं नव्हतं. म्हणजे मनात होतं, पण म्हणायचं नव्हतं.

बाजूच्या खुर्चीवर वन्संचा चेहरा असा खुलला होता की मला तिथंच काहीतरी फेकावंसं वाटलं.

मग त्यांची पाळी. पुठ्ठ्यावर शब्द छापलेले होते. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' हा शब्द लाल शाईत, असे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्द वाचू नका, शाईचा रंग कोणता ते सांगा. वन्संनी मान ताठ केली, श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "लाल." निळ्या शाईकडं बघत. पुढचा पुठ्ठा, "हिरवा." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. वन्संनी पुन्हा समोर दिसेल ते वाचलं, उत्तम वाचलं. दारात कुणीतरी बादली ठेवली तेवढ्यात त्यांचं लक्ष तिकडं गेलं आणि कुठल्या पुठ्ठ्यावर होतो ते विचारून घ्यावं लागलं. आता मी खुलले.

डॉक्टरीणबाईंनी कुणालाही आजारी म्हटलं नाही. म्हणाल्या, दोघींचे शब्द जागच्या जागी आहेत. वयानं गाडी बिघडत नाही, ब्रेक झिजतो. नको ते आवाज, नको ते विचार पूर्वी दारातच अडवले जायचे, आता आत घुसतात, आणि एकदा निघालेलं मधेच थांबवायला वेळ लागतो. मी म्हणाले, म्हणजे यांचाही ब्रेक गेलाय ना? भाची म्हणाली, मामी, प्लीज. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई कमी ठेवा, आजूबाजूचा गलका कमी ठेवा, एका वेळी एकच काम. चांगली बाई होती. केस मात्र खरंच वाईट होते.

भाचीनं मधला मार्ग काढला. रविवारचा दुपारचा प्रयोग मी करायचा. थांब्यात माझ्या तोंडून आवाज निघाला तर सोमवारपासून यंत्र. नाही निघाला तर स्टूल माझं, आणि पुन्हा विषय नाही. वन्संनी निरोपात जोडलं होतं, की तिला जमणार नाही. एवढं ऐकल्यावर मी जमवणार होतेच.

रविवारी मी लाइटवाल्याला दम दिला की तुझं पाकीट दिसलं तर तुलाच त्यात भरीन. स्टूल असं फिरवलं की प्रेक्षक दिसणार नाहीत, फक्त वन्संचे पाय दिसतील. आणि तिसऱ्या अंकासाठी एक रुमाल घडी करून ठेवला. मुलाचा प्रश्न आला की दातात धरायचा. रुमाल तोंडात असला की वाक्य निघायचं कुठून.

पहिले दोन अंक बरे गेले. वन्सं दोनदा अडकल्या, दोनदा अंगठा उचलला, दोनदा मी दिलं. तिसरा अंक सुरू झाला. मुलगा झालेला नट पुढं आला. "त्या रात्री मी दार वाजवत होतो. तू उघडलं का नाहीस?" मी रुमाल दातात धरला. वन्संनी कापडाची पहिली घडी घातली. अंगठा खाली. वाक्य माझ्या घशात येऊन उभं राहिलं, मी ते रुमालावर दाबून धरलं. दुसरी घडी. अंगठा खाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, इतका जोर लावला होता. पण निघालं नाही. मी मनात वन्संना म्हटलं, बघ. बघ आता.

तेवढ्यात प्रेक्षकांत कुणाचा तरी फोन वाजला. लगेच बंद केला त्यानं, पण वन्संची मान तिकडं वळली. वळून परत आली तेव्हा चेहरा तोच होता, हात तेच होते, घडी घातलेलं कापड त्या पुन्हा उलगडत होत्या. आणि डावा अंगठा वर.

मी रुमाल काढला. वाक्य तयार होतं, नुसतं सोडायचं होतं. नियमानं आता बोलायला मला मुभा होती. आणि मी थांबले. मुद्दाम. तुम्हाला खरं सांगते, मला इतकं गोड कधी काही लागलेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या हातात होत्या आणि त्यांना ते कळत होतं. अंगठा थरथरत होता. आज विंगेतून वाक्य उशिरा येणार होतं, खरोखरीचं. मी मनात म्हणाले, तडफड आता. बघू दे सगळ्यांना. म्हातारी झालीस तू.

फक्त ते मनात म्हणाले नव्हते.

माझा आवाज माझ्याच कानांवर पडला. हळू, स्पष्ट, वाक्य द्यायच्याच सुरात. तोंडावर हात न्यायच्या आत रंगमंचावरून वन्संचा आवाज आला, भरदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"तडफड आता. बघू दे सगळ्यांना. म्हातारी झालीस तू."

मुलगा झालेला नट पांढराफटक पडला. वन्संनी आपण काय बोललो ते ऐकलं. कानातून तोंडात आलेलं आता कुठं डोक्यात पोचलं. त्यांनी मान वळवून माझ्या कोपऱ्याकडं बघितलं. इतक्या प्रयोगांत कधी बघितलं नव्हतं. नटानं विंगेकडं बघायचं नसतं. मी आयुष्यभर त्यांना 'अहो वन्सं' म्हटलं होतं आणि आज त्यांनी माझ्या तोंडचं 'तू' सगळ्यांसमोर स्वतःला म्हणून घेतलं होतं.

मग मी वाक्य दिलं. "मला वाटलं, वारा असेल." माझा आवाज फुटला होता, पण त्यांना पोचला. अंगठा खाली टेकला. आता त्या म्हणून टाकतील असं मला वाटलं. नाही म्हणाल्या. वाक्य हातात असून त्या थांबल्या. माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या, कापडाची घडी घातली, दुसरी घातली. सगळा थांबा त्यांनी पहिल्यापासून घेतला. झिजलेला ब्रेक दाबून धरला बाईनं, तो मला दाबता आला नव्हता. आणि मग मुलाकडं वळून हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, वारा असेल."

त्या जिंकल्या होत्या आणि ते मला दिसत होतं.

लोकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, आई स्वतःलाच बोलली. पडदा पडल्यावर रंगपटात रांग लागली, नवीन वाक्य काळजाला भिडलं म्हणून. एक गृहस्थ तर रडत होते. वन्संनी त्यांना सांगितलं म्हणे, की ते अचानक सुचलं.

भाचीला मात्र कळलं होतं. मी स्टुलावरच बसून राहिले. नेपथ्यवाले दार उचलून नेत होते, ज्या दाराची नाटकभर चर्चा होते ते. भाची यंत्राचा खोका घेऊन आली. तिच्यामागून वन्सं आल्या. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच, पाय अजून अनवाणी. माझ्यासमोर येऊन थांबल्या आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"तू मला 'अगं-तुगं' केलंस."

मी म्हणाले, चुकून निघालं.

"चुकून निघालं ते कळलं मला. आत कधीपासून होतं ते विचारतेय."

"तुम्ही चारचौघांत म्हणालात ना, वाक्यं उशिरा येत होती. तेव्हापासून."

मी वाट बघत होते की आता म्हणतील, त्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढं म्हणाल्या असत्या तर मी आपणहून स्टूल उचलून त्यांच्या हातात दिलं असतं. पण त्या वन्सं होत्या.

"उशिराच येत होती," त्या म्हणाल्या. मग भाचीच्या हातातल्या खोक्याकडं बोट केलं, माझ्याकडं वळल्या. "उद्यापासून तू..."

पलीकडं नेपथ्यवाल्यांच्या हातून दार निसटलं आणि जमिनीवर आपटलं. वन्संनी तिकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं. ओठ उघडे होते, हात खोक्याच्या दिशेनं तसाच होता. मी सवयीनं खाली बघितलं.

अंगठा वर होता.

रंगमंचाबाहेर मी तो कधी उचललेला पाहिला नव्हता. मला एकदम भीती वाटली, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी ते सांगता येत नाही. हे नाटक नव्हतं, वहीत कुठं लिहिलेलं नव्हतं. भाची म्हणाली, "आई?" वन्संनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. वाक्य यायची वाट बघत होत्या, नेहमी बघतात तशी.

पुढचे शब्द मला माहीत होते. 'येऊ नकोस.' दोनच शब्द, जिभेच्या टोकावर येऊन उभे होते. मी रुमाल दातात धरला आणि ते दिले नाहीत.